बाबा निजलेत

मावशींनी दार मागे ओढलं तेव्हा फटीतून मुलीची तीन बोटं सुटली. मधल्या बोटाचं नख काळंनिळं पडत होतं आणि कडेनं रक्त येत होतं. मुलीचं तोंड उघडं होतं. एवढं उघडं, की आतली पडजीभ दिसावी. पण त्यातून आवाज येत नव्हता. मावशी थांबल्या. बावीस वर्षं पाळणाघर चालवल्यावर माणसाला एवढं कळतं, की लागलेलं मूल आधी श्वास आत ओढतं आणि मग टाहो फोडतं. मधलं अंतर जितकं जास्त, तितकं लागलेलं जास्त. मावशी त्या टाहोची वाट बघत राहिल्या. तो आलाच नाही. मुलीनं तोंड मिटलं, डोळे बाहीला पुसले आणि दुखरी बोटं दुसऱ्या मुठीत धरून ती भिंतीशी जाऊन बसली.

"किती वेळ अडकली होती ही?" मावशींनी विचारलं.

"मला काय ठाऊक?" मदतनीस बाई म्हणाली. "मी इथंच पेले विसळतेय, पाठमोरी. ओरडली असती तर आलेच असते ना."

या मदतनीस बाईला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी आठला सुरू व्हायची ती संध्याकाळी शेवटचं मूल घरी गेल्यावरच बंद. त्या दिवशी मात्र हातातला पेला तसाच धरून ती बराच वेळ त्या मुलीकडे बघत राहिली.

मुलीला येऊन तीन आठवडे झाले होते. वय पाच. आई डबे भरायच्या कारखान्यात नव्यानं कामाला लागली होती. बाप पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला. दिवसा तो घरी झोपलेला असे, म्हणून मुलगी इथं. तिचं नाव वहीत होतं, पण रेडिओनं दुसऱ्याच दिवशी तिची हळूबाई करून टाकली होती. चपला ही मुलगी हातानं काढायची आणि दोन्ही एकदम जमिनीला टेकवायची. पेला ठेवताना आधी करंगळी खाली, तिच्यावर पेला, मग करंगळी अलगद काढून घ्यायची. कुणाला हाक मारणं नाही. जवळ जाऊन समोरच्याच्या कोपरावर नखानं दोनदा टिकटिक करायची आणि वाट बघत उभी राहायची. मुलांचं जग भांडणावर चालतं. माझं, आधी मी, तू नाही. हळूबाईला भांडणच येत नव्हतं. हातातली वस्तू कुणी ओढली की ती सोडून द्यायची. त्यामुळे तिच्याशी कुणी भांडलं नाही, आणि खेळलंही नाही.

"माझं ऐका मावशी," रेडिओ म्हणाली, "बाप हात उचलत असणार. मार खाणारं पोरच असं मुकं होतं."

मावशींनाही तेच वाटत होतं. रविवारी त्या मलमाची डबी आणि पट्टीचं कापड घेऊन तिच्या घरी गेल्या.

दार आईनं उघडलं. बिजागरांवर तेल ओघळून वाळलेलं होतं, दार पिसासारखं उघडलं. आईनं ओठांवर बोट ठेवलं, हसली आणि हातानंच आत बोलावलं. दोन खोल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मावशींची नजर सराईत होती. त्या पट्टा शोधत होत्या, काठी शोधत होत्या, फुटलेलं काही शोधत होत्या. त्यांना दिसलं ते वेगळंच. मांडणीवरच्या प्रत्येक दोन भांड्यांमध्ये फडक्याची घडी. खुर्चीच्या चारी पायांना चिंध्या बांधलेल्या. भिंतीवर घड्याळाची गोल फिकी खूण आणि खिळा. घड्याळ मात्र उशीखाली, टोपडं घातल्यासारखं गुंडाळून ठेवलेलं. गळक्या नळाला एक दोरी बांधून बादलीत सोडली होती. पाणी थेंबाथेंबानं न टपकता दोरीवरून ओघळत खाली जात होतं.

हळूबाई कोपऱ्यात दोन बाहुल्यांशी खेळत होती. एक बाहुली पांघरूण घालून निजवलेली. दुसरी तिच्या मांडीवर. मांडीवरच्या बाहुलीच्या तोंडावर तिनं आपला तळवा घट्ट दाबून धरला होता आणि चेहरा अगदी मायेचा होता.

मावशी पट्टी बदलायला बसल्या. डबीचं झाकण उघडताना डबी हातातून निसटली. ती जमिनीला लागायच्या आत मुलीनं झेलली, दुखऱ्या हातानं. आईनं रोखलेला श्वास सोडला.

चार वाजता भट्टीवाला आपण होऊन उठला आणि बाहेर आला. किडकिडीत माणूस, भुवयांत पीठ, हातांवर भाजल्याचे जुने डाग. मावशी उठून उभ्या राहिल्या तसा ओशाळला.

"उभ्या का? बसा ना," तो म्हणाला. "तुम्ही आल्यात आणि मला कुणी उठवलंसुद्धा नाही."

मुलीनं त्याला पाण्याचा पेला दिला आणि चार पावलं मागे सरून भिंतीला पाठ लावली. तो तिच्याकडे बघून हसला. मुलगी हसली नाही, घाबरलीही नाही. नुसती उभी राहिली, दुकानात मोठी माणसं बोलत असताना पोर उभं असतं तशी.

"तिकडं बोलते का ही?" त्यानं विचारलं. "माझ्याशी आपलं पाहुण्यासारखं चालतं हिचं. सगळं घर असतं हो इथं. मी उठलो की रिकामं होतं."

माणूस वाईट नव्हता. मावशींनी पुष्कळ बाप पाहिले होते. हा त्यातला नव्हता. जाताना जिन्यापर्यंत आई सोडायला आली तेव्हा त्यांनी तिला स्पष्टच विचारलं.

"नाही हो मावशी. बोटसुद्धा लावलेलं नाही कधी. आवाज चढवलेला मला आठवत नाही त्यांचा."

"मग ही एवढी धास्तावलेली का असते?"

आईनं विचार केला. तिला तो प्रश्न नवा होता.

"रांगत होती तेव्हापासून म्हणते मी तिला, बाबा निजलेत. एवढंच. मध्येच उठले तर काय होईल, ते मी कधी सांगितलंच नाही." मग थोड्या अभिमानानं म्हणाली, "न सांगण्यानंच भागलं."

मावशी जिना उतरल्या. मनावरचं ओझं उतरलं होतं. पण ते शेवटचं वाक्य त्यांच्याबरोबर रस्ताभर चालत आलं.

पाळणाघर तळमजल्यावर होतं आणि वरच्या मजल्यावर नकाशे काढणाऱ्यांची कचेरी. दिवसभर माना खाली घालून बारीक रेघा मारणारी माणसं. खाली बावीस मुलं. आवाज वाढला की वरून काठीचे तीन ठोके पडत. ठक, ठक, ठक. गेली दोन वर्षं ठोके पडत होते, मुलं त्यांच्या तालावर नाचत होती. त्या सोमवारी मात्र ठोक्यांऐवजी चिठ्ठी आली. तिसरी. वरच्यांच्या तक्रारीवरून महिनाभरानं नगरपालिकेच्या तपासणीस बाई येतील. तोवर आवाज आटोक्यात आला नाही तर जागा सोडावी लागेल. मावशींनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली. दुसरी जागा कुठंच मिळणार नव्हती. वर्षभर त्या शोधतच होत्या. पाळणाघर गेलं तर बावीस घरांतल्या आया कामावर कशा जाणार, हे एक; आणि मावशींनी सकाळी उठून कुठं जायचं, हे दुसरं. दुसरं त्या कुणाला बोलल्या नाहीत.

दोनच दिवसांनी तीनचाकी सायकलीवरून जुंपली. एका ड्रायव्हरचा मुलगा होता, त्याला भोंगा म्हणत. त्यानं बसलेल्या मुलीला ओढून पाडलं, ती किंचाळली, तिची बाजू घेऊन चौघं ओरडली. रेडिओचा आवाज सगळ्यांच्या वर. वरून ठोके पडले. आणि हळूबाई भिंतीपासून उठली. ती त्या घोळक्यात शिरली, एकेकाच्या कोपरावर टिकटिक केली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली,

"बाबा निजलेत."

मुलं थबकली. भोंग्याचं तोंड उघडंच राहिलं.

"कुठं?" त्यानं विचारलं.

हळूबाईला ते सांगता येईना. तिनं मावशींकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच मावशींकडे पाहिलं.

मोठ्या खोलीच्या एका टोकाला भिंतीत खोल जागा होती. दुपारच्या झोपेच्या गाद्या तिथं रचून ठेवत आणि पुढं जाड निळा पडदा ओढलेला असे. मावशींनी काही ठरवलं नव्हतं. तोंडानं तर त्या अक्षरही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं.

बावीस माना तिकडं वळल्या. इतकी शांतता झाली, की वरच्या कचेरीतला कागद उलटल्याचा आवाज खाली आला.

कुणाचे बाबा, हे एकाही मुलानं विचारलं नाही. ज्यानं त्यानं आपापले घेतले असावेत. कुणाचे दमून येणारे, कुणाचे दार आपटणारे, कुणाचे नुसते फोटोतले.

दुसऱ्या दिवसापासून कुणाला सांगावं लागलं नाही. चपला हातात घेऊन मुलं पडद्यासमोरून जात. करंगळीवर पेला ठेवण्याची युक्ती आठवडाभरात सगळ्यांना जमली. हाक मारणं बंद झालं, टिकटिक सुरू झाली. हळूबाई आता भिंतीशी बसत नसे. ती मधोमध बसायची आणि मुलं तिच्या भोवती. कोपऱ्यात एकटी पडलेली पोर चारचौघांत आली म्हणून मावशींना बरंही वाटलं. रेडिओसुद्धा दबक्या आवाजात बोलू लागली आणि मग हळूहळू बोलेनाशी झाली.

"मला आपलं कसंसंच होतं मावशी," ती एकदा पेले पुसता पुसता कुजबुजली. "तोंडातल्या तोंडात बोलून जीभ जड झाल्यासारखी वाटते."

"जरा विश्रांती मिळाली तर बिघडलं का तिचं?" मावशी म्हणाल्या. दोघी हसल्या. तेही हळूच.

गाद्यांच्या चळतीला एक साखळी होती. गाद्या रचून झाल्या की ती आडवी घालून भिंतीतल्या कडीत अडकवायची, म्हणजे चळत पुढं येत नसे. साखळी खणखणायची. रेडिओनं ती अडकवणं सोडून दिलं. मावशींनी ते पाहिलं होतं.

आणखीही काही त्यांनी पाहिलं. भोंग्याच्या दंडावर दातांचे वण होते. कधी चावलं कुणी, ते कळलंच नाही, कारण भांडण झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मग लक्ष ठेवल्यावर दिसलं, की भांडणं पूर्वीइतकीच होत होती. चिमटे, ओरबाडे, केस ओढणं, सगळं चालू. फक्त मारणाराही गप्प आणि मार खाणाराही गप्प, आणि बाकीची भोवती बसून गप्प बघणारी. भोंग्यानं दोनदा चड्डीतच केली. पडद्यासमोरून पलीकडे मोरीत जायला नको म्हणून. त्याचे आजोबा न्यायला आले तेव्हा हसत सांगत होते, की नातू आता घरी कपाटाकडे बोट करून विचारतो, इथंपण निजलेत का? मावशीही हसल्या. लहान आहे, विसरेल, म्हणाल्या.

सगळ्यांत लहान होती गुटगुटी. सव्वादोन वर्षांची, नर्सची मुलगी. नर्स नवऱ्यापासून वेगळी राहत होती. माझ्याशिवाय कुणाच्याही हाती मुलीला द्यायचं नाही, तिचा बाप आला तरी नाही, असं तिनं वहीत लिहून खाली सही केली होती. गुटगुटीला दिवसभर काहीतरी अर्थ नसलेलं गुणगुणायची सवय होती. तिला निजणं कळत होतं, गप्प बसणं कळत नव्हतं. तिनं गुणगुणायला सुरुवात केली की मोठी मुलं येऊन तिच्या तोंडावर तळवा ठेवत आणि ती थांबेपर्यंत धरून ठेवत. मारत नसत. अगदी मायेनं. मावशींना हळूबाईची बाहुली आठवली. उठून तो हात काढावा असं त्यांना वाटलं. पण तपासणीला चार दिवस उरले होते. मुलं मुलांकडूनच शिकतात, असं मनाशी म्हणून त्या बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी गुटगुटी तोंड उघडण्याआधी आपणच आपला हात तोंडावर ठेवू लागली.

तपासणीस बाई आल्या. मुलं ओळीनं बसली होती. बाईंच्या टाचांचा टकटक आवाज झाला तशी सगळी मुलं त्यांच्या पायांकडे बघू लागली. बाईंनी मुद्दाम एक टाळी वाजवली. एकही मूल हललं नाही.

"वळण छान लावलंयत," त्या म्हणाल्या. "हल्ली घरी काही शिकवत नाहीत हो. सगळं तुमच्यावर."

कागदावर त्यांनी तसंच लिहिलं. वरच्या कचेरीचे मोठे साहेब मुद्दाम खाली आले आणि दाराशी उभे राहून म्हणाले, "खाली मुलं आहेत असं वाटतच नाही आता."

मावशींनी चष्म्याच्या घरातली चिठ्ठी काढून फाडली.

हे झालं मंगळवारी. शुक्रवारी संध्याकाळी नर्स साडेपाचला मुलीला न्यायला आली आणि गुटगुटी सापडेना.

आधी कुणी घाबरलं नाही. मोरीत असेल, टेबलाखाली असेल. रेडिओनं मोरी पाहिली, टेबलाखाली पाहिलं, अंगणातल्या टाकीचं झाकण पाहिलं. ते घट्ट होतं. फाटकाची कडी लागलेली. नर्सच्या खांद्यावरची पिशवी खाली घसरली ती तिनं उचलली नाही. मावशींनी मुलांना विचारलं, गुटगुटीला कुणी पाहिलं? मुलं खाली बघत राहिली. पडद्याकडे एकानंही पाहिलं नाही. इतकं जपून पाहिलं नाही, की तेच दिसायला हवं होतं. मावशींच्या ते नंतर लक्षात आलं.

त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज चढला, तशी मुलं एकमेकांना चिकटली. मग मावशींच्या कोपरावर टिकटिक झाली. हळूबाई. मावशी वाकल्या. मुलीनं तोंड कानाशी आणलं; नुसती हवा आली, आवाज असा नाहीच.

"बाबांकडे गेली."

नर्स शेजारीच वाकली होती, तिलाही ते ऐकू गेलं.

"कधी आला होता?" ती म्हणाली. "कधी आला होता तो? मावशी, मी लिहून दिलं होतं तुम्हाला."

दुपारी त्या पाच मिनिटं मागे गेल्या होत्या. तेवढ्यात आला असेल का? फाटक उघडल्याचं ऐकू आलं नव्हतं. पण या घरात आता काय ऐकू येत होतं? नर्स बस थांब्याकडे धावली. रेडिओ तिच्या मागं. मावशींनी वही उघडली, नर्सनं लिहून ठेवलेला तिच्या नवऱ्याच्या कामाच्या जागेचा नंबर काढला आणि टेलिफोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. घंटा वाजत असताना त्यांनी हळूबाईला विचारलं,

"फाटक कुणी उघडलं गं?"

हळूबाईनं मान हलवली. कुणी नाही.

"मग कुणाच्या बाबांकडे गेली?"

आपणच सांगितलेली गोष्ट मोठं माणूस पुन्हा विचारू लागलं की मूल बघतं, तशी ती मावशींकडे बघत राहिली.

"हॅलो," पलीकडून पुरुषाचा आवाज आला. मागे यंत्रांची घरघर. मावशींनी त्याचं नाव घेऊन विचारलं. "हो, मीच बोलतोय. कोण?"

मावशींनी टेलिफोन ठेवला. ठेवताना आवाज होऊ नये म्हणून करंगळी खाली गेलीच.

खोलीच्या त्या टोकापर्यंत वीस पावलं होती. मुलं दोन्हीकडे सरकली. भोंग्यानं त्यांचा पदर मुठीत पकडला आणि मागे ओढलं. तोंड उघडलं त्याचं, आणि नाही नाही अशी नुसती मान हलत राहिली. मावशींनी त्याची मूठ सोडवली आणि पडदा ओढला.

चळत कोसळली होती. साखळी भिंतीला लोंबत होती. मावशींनी एक गादी काढली, दुसरी काढली, सहावी काढली. त्यांना कधी नव्हे ते हुंदके येत होते, पण तेसुद्धा आतल्या आत. नवव्या गादीखाली एक पाय दिसला. मग फ्रॉक. गुटगुटी भिंत आणि गाद्या यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडकली होती, घामानं निथळलेली, ओठ निळसर. एक हात अंगाखाली दबलेला. दुसरा मोकळा होता. तो तिनं आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

डोळे उघडे होते. तिनं मावशींकडे पाहिलं.

मावशींनी तो हात सोडवला, तिला उचललं, पाठ चोळली. छाती हलत होती.

"रड," त्या म्हणाल्या. "रड गं बाई. मोठ्यानं रड."

मुलीनं त्यांच्या खांद्यावरून मागं उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिलं आणि ओठ आत ओढून घेतले.

नर्स परत आली, रेडिओच्या आधारानं. मुलीला पाहताच तिचे हात कामाला लागले. नाडी, बरगड्या, डोळ्यांच्या पापण्या, दबलेल्या हाताची बोटं. सगळं तिनं न बोलता तपासलं. मग मुलीला छातीशी घेतलं आणि दाराशी थांबली.

"ही रडत का नाहीये?" तिनं विचारलं.

मावशींनी खाली पडलेली पिशवी उचलून तिच्या खांद्याला अडकवली. मुलीला दवाखान्यात न्यायला नर्स निघून गेली. फाटक मात्र तिनं आपटलं.

बाकीचे आईबाप यायला अजून दहा मिनिटं होती. रेडिओ खाली बसली होती, डोकं धरून. मावशी उठल्या. त्यांनी पडदा दोन्ही हातांत धरला आणि सगळं अंग मागं टाकून ओढला. कापड फाटलं नाही. दांडाच भिंतीतून उखडला आणि लोखंडी कड्यांसकट फरशीवर आदळला. असला आवाज त्या खोलीत कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

"बघा," त्या मुलांना म्हणाल्या. "या, जवळ येऊन बघा. कुणी नाही इथं. कधीच नव्हतं कुणी. मी खोटं बोलले. आता ओरडा पाहू. हवं तेवढं ओरडा."

कुणी ओरडलं नाही. मुलं पुढं आली नाहीत. गाद्या पसरलेल्या होत्या, भिंत उघडी होती, खिळ्यांच्या जागी दोन भोकं पडली होती आणि त्यांतून चुना झरत होता.

"मी ओरडते, बघा हं," रेडिओ म्हणाली. ती उभी राहिली आणि तिनं खच्चून आवाज काढायला तोंड उघडलं. घशातून काहीतरी खरखरीत निघालं आणि मध्येच तुटलं. तिनं गळ्याला हात लावून मावशींकडे पाहिलं.

हळूबाई एकटी पुढं आली. तिनं रिकाम्या जागेत डोकावून पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, गाद्यांच्या खाली. मग वळून खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. आपण सांगितलेलं तिला पटलं, असं क्षणभर मावशींना वाटलं.

तेवढ्यात वरून ठोके पडले. ठक. ठक. ठक.

मुलीनं मान वर केली. एकेक करून एकवीस माना वर झाल्या.

"उठले," ती म्हणाली.

वर कुणीतरी खुर्ची मागं सारली. पावलं छतावरून चालत जिन्याच्या दिशेनं निघाली. खाली मुलं आपापल्या चपला हातात घेऊन भिंतीकडे सरकू लागली, मोठ्यांनी धाकट्यांच्या तोंडावर हात ठेवले. मावशींना ओरडून सांगायचं होतं, की ते वरचे साहेब आहेत, घाबरू नका. त्यांनी तोंड उघडलं.

पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं, आणि त्यांचं बोट आपसूक ओठांवर गेलं.